बाळंतघर, गोठा आणि ऑक्सिटोसिन

२०२४च्या मे महिन्याच्या शेवटी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. कारण होतं ऊन. पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठाण मांडून होता. कामगारांना सावली आणि पाणी द्या, शिकवणीवर्ग दुपारी भरवू नका, असे आदेश निघाले. वऱ्हाडातल्या माणसाला मे महिना नवा नाही, पण जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरावं लागतं, हे त्यालाही नवं होतं.

याच उन्हात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रसूतिगृहांत काचेची एक लहानशी अँप्यूल थंड ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार २ ते ८ अंशांत. औषधाचं नाव ऑक्सिटोसिन. अमरावतीच्या ‘डफरीन’मध्ये म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, अकोल्याच्या ‘लेडी हार्डिंग’मध्ये, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, जिथे म्हणून बाळंतपण होतं तिथे ते लागतंच. हीच सुई दुधाच्या धंद्यातही चोरून फिरते. आणि इंटरनेटवर याच रेणूला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून भलताच भाव आहे. बाळंतपण, दूध आणि प्रेम या तिन्ही ठिकाणी त्याच्याविषयी जे बोललं जातं त्यातलं खरं किती, हे वेगवेगळं पाहिल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही.

ऑक्सिटोसिन हा न्यूरोपेप्टाइड आहे, म्हणजे चेतापेशींनी बनवलेली अमिनो आम्लांची आखूड साखळी. असे शंभराहून अधिक न्यूरोपेप्टाइड आज माहीत आहेत. भूक, वेदना, झोप, भीती, तहान अशा शरीराच्या अगदी मूलभूत गोष्टींत त्यांचा हात असतो. विदर्भातही या विषयावर गंभीर काम झालं आहे. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्ट’ नावाच्या न्यूरोपेप्टाइडचा मेंदूतल्या भूक आणि बक्षिसाच्या यंत्रणेशी काय संबंध आहे, याचा माग वर्षानुवर्षं काढला. पण या सगळ्या कुळात प्रयोगशाळेबाहेर येऊन रोजच्या रोज जीव वाचवणारा म्हणून बोट दाखवायचं तर ते ऑक्सिटोसिनकडेच दाखवावं लागेल.

त्याची साखळी नऊ अमिनो आम्लांची. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते तयार होतं, चेतातंतूंतून खाली उतरून पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठतं आणि इशारा मिळताच रक्तात सुटतं. लघवीचं प्रमाण सांभाळणारं व्हॅसोप्रेसिन हे त्याचं सख्खं भावंड. नवापैकी दोनच अमिनो आम्लांचा फरक. म्हणून ऑक्सिटोसिन बेताबाहेर दिलं तर शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. हे कूळ फार जुनं आहे. गांडूळखतासाठी वऱ्हाडातले शेतकरी जे आयसेनिया फेटिडा जातीचं गांडूळ वाफ्यात सोडतात, त्याच्या शरीरातही ऑक्सिटोसिनचा चुलतभाऊ सापडला आहे. गांडुळाच्या अंडी घालण्याशी त्याचा संबंध आहे. पिल्लं जन्माला घालण्याचं काम या रेणूकडे माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून आहे.

त्याचा शोध मात्र आडवाटेनं लागला. इंग्लंडमध्ये हेन्री डेल अर्गट या बुरशीच्या औषधी गुणांवर काम करत होते. १९०६च्या त्यांच्या निबंधात जाताजाता एक नोंद आहे, की पियूषिकेच्या मागच्या भागाचा अर्क दिल्यावर मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावलं. तीन वर्षांत तो अर्क बाळंतपणात वापरला जाऊ लागला. १९१०मध्ये हाच अर्क शेळीला टोचल्यावर तिच्या सडांतून दूध वाहू लागल्याचं दिसलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी नऊही अमिनो आम्लांचा क्रम लावला आणि १९५३मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवला. त्याआधी कुठलंही पेप्टाइड संप्रेरक कुणी कृत्रिमरीत्या बनवलं नव्हतं. दोन वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्राण्यांच्या ग्रंथींतून अर्क काढण्याची गरज संपली आणि अँप्यूल स्वस्त झाली.

बाळंतपणात हे संप्रेरक स्वतःलाच वाढवत नेतं. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाबलं गेलं की मेंदूला निरोप जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, कळ येते. कळेनं डोकं आणखी खाली सरकतं, दाब वाढतो, आणखी ऑक्सिटोसिन सुटतं. बाळ बाहेर येईपर्यंत हे चक्र चढत जातं. दिवस भरत आले की गर्भपिशवीवर या संप्रेरकाला पकडणारे ग्राही झपाट्यानं वाढतात. म्हणून जी मात्रा चौथ्या महिन्यात फारसं काही करत नाही, तीच नवव्या महिन्यात जोरदार कळा आणते. रक्तात ते काही मिनिटांच्या वर टिकत नाही, त्यामुळे कळा वाढवायच्या तर सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यावं लागतं.

पण त्याचं सर्वांत मोठं काम बाळ जन्मल्यानंतर सुरू होतं. वार सुटते त्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला टाका नसतो, पट्टी नसते. गर्भपिशवीचे स्नायू घट्ट आवळले तरच रक्त थांबतं. पिशवी सैल राहिली तर काही मिनिटांत बाई हातची जाते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं हेच सर्वांत मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३मधल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बाळंतिणींना असा रक्तस्राव होतो आणि त्यांतल्या सुमारे ७० हजार दगावतात. उपाय अगदी साधा आहे. बाळ जन्मताच १० एकक ऑक्सिटोसिन टोचायचं. प्रत्येक बाळंतिणीला, रक्तस्रावाची वाट न पाहता. आधुनिक वैद्यकात इतक्या कमी पैशांत इतकं देणारी औषधं बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

निसर्गाचं ऑक्सिटोसिन असताना सुई कशाला, असा प्रश्न कधीकधी विचारला जातो. बाळाला लगेच अंगावर घेतलं की आईच्या शरीरात ते सुटतंच की! सुटतं, आणि बाळाला पहिल्या तासात पाजण्याचे फायदे इतर अनेक आहेत. पण रक्तस्राव थांबवण्यापुरतं पाहिलं तर तेवढं पुरत नाही. १९८९मध्ये मलावीत सुईणींच्या मदतीनं झालेल्या अभ्यासात लगेच पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या बाळंतिणींच्या रक्तस्रावात म्हणावा असा फरक दिसला नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून सुई टाळणं परवडणारं नाही.

मेळघाटात तर मुळीच नाही. २०१८-२०च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. महाराष्ट्राची ही सरासरी कौतुकाचीच आहे, पण सरासरीत सातपुड्याचा घाट दिसत नाही. कोरकू बाई बाळंतपणाला येते तेव्हा बरेचदा आधीच रक्त कमी असतं. भरल्या अंगाची बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा तिला सोसत नाही. त्यात सेमाडोह-हरिसालकडचा वळणावळणाचा रस्ता, पावसाळ्यात चढलेले नाले आणि रक्ताची पिशवी मिळेपर्यंतची वाट. मोठ्या इस्पितळात एका उपायानं भागलं नाही तर दुसरा, तिसरा असतो. इथे पहिल्या सुईवरच सगळी भिस्त असते.

मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य घालवलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांच्या मुलाखतींत एक गोष्ट नेहमी येते. दुर्गम भागात काम करायचं तर तीन गोष्टी यायलाच हव्यात, असं त्यांना सुरुवातीला डॉ. जाजू या अनुभवी डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोनोग्राफी आणि रक्ताच्या सोयीशिवाय बाळंतपण करणं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं आणि हगवणीवर उपचार. कोल्हे ते शिकायला मुंबईत राहिले आणि मग मेळघाटात गेले. त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा एक रुपया फीचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्या तीन कौशल्यांतलं पहिलं मात्र बातम्यांत मागे राहिलं. धारणीजवळ उतावलीला ‘महान’ संस्थेच्या रुग्णालयातून डॉ. आशिष सातव यांनीही याच मुलखात अनेक वर्षं काढली आहेत. अशा ठिकाणी औषधाची मात्रा पुस्तकातून पाठ असते. वीज गेल्यावर अँप्यूल किती वेळ थंड राहील, हा प्रश्न पुस्तकात नसतो.

आणि तो प्रश्न फुटकळ नाही. उष्णतेनं ऑक्सिटोसिनचा गुण हळूहळू कमी होतो, पण द्रव दिसायला पूर्वीसारखाच स्वच्छ राहतो. नर्सताई सुई देते, नोंद करते, आणि पिशवी मात्र आवळत नाही. लसींसाठी देशभर शीतसाखळी आहे, पण ऑक्सिटोसिन अनेक ठिकाणी इतर औषधांसोबत कपाटात राहायचं. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांना एकत्र येऊन सांगावं लागलं की हे औषध लसींच्या फ्रीजमध्ये ठेवा, त्यानं लसींचं काही बिघडत नाही. अकोल्यासारख्या जिल्ह्यात हे पत्रक मराठीत छापून प्रत्येक औषधभांडारात डकवायला हवं.

चुकीच्या वेळी दिलं तर हेच औषध घातही करतं. ‘कळा वाढवायची सुई’ म्हणून गावठी डॉक्टर घरच्या बाळंतपणात ते सरळ दंडात टोचतात, असे प्रकार देशाच्या अनेक भागांतून नोंदले गेले आहेत. दंडात टोचलेली मात्रा परत घेता येत नाही. कळांवर कळा येऊन बाळ गुदमरू शकतं, गर्भपिशवी फाटू शकते. बाळ जन्मण्याआधी ठिबकीतून, देखरेखीखाली. जन्मल्यानंतर मात्र लगेच आणि सर्वांना. यात उलटापालट झाली की औषधाचं विष होतं.

आता गोठा. वऱ्हाड हा म्हशींचाही मुलूख आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा पट्ट्यात पूर्णाथडी म्हैस आहे, फिकट रंगाची, खाऱ्या पाण्याच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात निभावून नेणारी. नागपुरी म्हशीला एलिचपुरी असंही नाव आहे, ते अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरवरून. अकोल्यात पशुवैद्यक आणि पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे. दूध-दुभत्याचं शास्त्र म्हणजे बऱ्याच अंशी ऑक्सिटोसिनचंच शास्त्र, आणि म्हशीच्या बाबतीत तर फारच. गायीच्या कासेत सुमारे २० टक्के दूध सडांच्या वरच्या पोकळीत आयतं साठलेलं असतं. म्हशीत ते सुमारे ५ टक्केच. बाकी सगळं वर, बारीक पुटकुळ्यांत अडकलेलं. ऑक्सिटोसिन रक्तात सुटून कासेपर्यंत पोचतं तेव्हा त्या पुटकुळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दूध खाली उतरतं. यालाच पान्हा म्हणतात. म्हशीला पान्हवायला गायीपेक्षा जास्त वेळ लागतो, तो यामुळे.

वगार किंवा हल्या सडाला लावणं, कास कोमट पाण्यानं धुणं, समोर सरकीच्या ढेपेचं टोपलं ठेवणं, रोज त्याच वेळी त्याच माणसानं धारेला बसणं, हे गवळ्याचे रिवाज म्हणजे मेंदूला दिलेले इशारे आहेत. कुत्रं भुंकलं, अनोळखी माणूस गोठ्यात शिरला, की म्हैस ‘दूध चोरते’. १९४१मध्ये अमेरिकेत ईली आणि पीटरसन यांनी हे तपासून पाहिलं. धारेआधी त्यांनी गायींना घाबरवलं, पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून. दूध उतरेना. भीतीनं सुटणारं अ‍ॅड्रिनलिन पान्ह्याच्या आड येतं. १९४८मध्ये न्यूटन दांपत्यानं बाळाला पाजणाऱ्या एका आईवर असाच प्रयोग केला आणि तिचंही दूध व्यत्यय आला की कमी उतरलं. ‘तुला दूधच नाही’ असं बाळंतिणीच्या तोंडावर म्हणणाऱ्या सासवांनी आणि नणंदांनी हा प्रयोग ऐकायला हरकत नाही.

शास्त्र नव्हतं तेव्हाही हा मार्ग माणसानं शोधला होता, आणि क्रूरपणे. पान्हा न देणाऱ्या जनावराच्या योनिमार्गात फुंकून पान्हा काढण्याच्या रीतीला ‘फूका’ म्हणत. बाळंतपणातला जो दाबाचा निरोप मेंदूला जातो, तोच इथे फसवून पाठवला जातो. कलकत्त्याच्या गवळ्यांच्या या रीतीविषयी कळल्यावर गांधीजींना दुधाचा तिटकारा आला. १९१२मध्ये त्यांनी दूध सोडलं, आणि पुढे मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये फूक्यावर बंदी आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक असं काही टोचणंही त्यात येतं.

आजचा फूका म्हणजे सुई. वगार मेली किंवा मारली, तर म्हैस पान्हवत नाही. मग सकाळ-संध्याकाळ सुई. तिनं नवं दूध फारसं तयार होत नाही, आत आहे तेच बाहेर ढकललं जातं. रोज बाहेरून मिळू लागलं की जनावर सुईशिवाय पान्हा देईनासं होतं आणि मालक अडकतो. मात्र गिऱ्हाइकांमधली दुसरी भीती तपासून घ्यायला हवी. असं दूध प्यायल्यानं मुली लवकर वयात येतात, हे सर्रास ऐकू येतं. नऊ अमिनो आम्लांची ही साखळी पोटात इतर प्रथिनांसारखीच पचते, तिनं माणसाच्या रक्तात जाऊन काही घडवल्याचा पुरावा नाही. भोपळ्याला सुई देऊन रातोरात फुगवतात म्हणतात, तर वेलीला गर्भाशय नाही आणि ऑक्सिटोसिनचा ग्राहीही नाही. सुईत दोष आहे तो जनावराच्या छळाचा, आणि तेवढा पुरेसा आहे.

या दोन जगांची टक्कर २०१८मध्ये झाली. गोठ्यातला गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारनं एप्रिलमध्ये ऑक्सिटोसिनच्या आयातीवर बंदी घातली आणि देशांतर्गत विक्रीसाठी खासगी कंपन्यांना उत्पादन बंद करायला सांगितलं. कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीनं देशभर पुरवठा करायचा असं ठरलं. त्या कंपनीला या औषधाचा अनुभव जेमतेम होता. प्रसूतितज्ज्ञ घाबरले. कंपन्या आणि ऑल इंडिया ड्रग अ‍ॅक्शन नेटवर्क दिल्ली उच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१८ला न्यायालयानं अधिसूचना रद्द केली. गोठ्यांतला माल परवानाधारक कंपन्यांकडूनच गळतो, याचा भक्कम आधार सरकारला दाखवता आला नव्हता, आणि बाळंतिणींना तुटवडा पडला तर काय, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे २०१९मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवलं गेलं. चोरट्या बाटल्या बनवणारे कुठल्याच परवान्यावर चालत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला धाडी लागतात, आणि धाडी घालण्यापेक्षा अधिसूचना काढणं केव्हाही सोपं.

राहिलं प्रेम. उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यात नर-मादी जन्मभर जोडीनं राहतात, आणि त्यात ऑक्सिटोसिनचा भाग आहे, असं १९९०च्या दशकात दिसलं. २००५मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं की नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारल्यावर माणसं पैशाच्या खेळात अनोळखी माणसावर जास्त विश्वास टाकतात. मग काय, विश्वासाचं संप्रेरक, मिठीचं संप्रेरक, फवाऱ्यांच्या जाहिराती! रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजी शिरत नाही आणि नाकातून किती पोचतं यावर वाद आहे, हे जाहिरातींत कुठून येणार? २०२०मध्ये ६७७ जणांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला, तेव्हा मूळ निष्कर्ष टिकला नाही. २०२१मध्ये २९० स्वमग्न मुला-मुलींना २४ आठवडे फवारा देऊनही सामाजिक वागण्यात बनावट औषधाच्या तुलनेत फरक पडला नाही. २०२३मध्ये तर ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले व्होल जनुकतंत्रानं तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या, पिल्लं वाढवली. भावनांशी या रेणूचा काही संबंध असेल, नव्हे आहेच, पण आज त्यावर औषध म्हणून विकण्याजोगं काही हाती नाही. स्वमग्न मुलांच्या आईबापांना अशा फवाऱ्याची आशा दाखवणारा माणूस विज्ञान सांगत नसतो, माल विकत असतो.

खरी प्रगती शीतसाखळीच्या अंगानं होते आहे, आणि तिचा एक धागा मराठी सीमाभागातून जातो. बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकारानं १६२० बाळंतिणींवर झालेला अभ्यास २००६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. फ्रीज न लागणारी मिझोप्रोस्टॉलची गोळी परिचारिकेच्या हातून दिली, तर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्याच अभ्यासात वाहिलेलं रक्त मोजायला बाळंतिणीच्या अंगाखाली मापाच्या खुणांची प्लास्टिकची झोळी वापरली होती. रक्तस्राव डोळ्यांनी जोखताना नेहमी कमीच जोखला जातो, म्हणून ती महत्त्वाची. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत अशीच झोळी आणि लगोलग एकत्र उपचार वापरून पाहिले गेले. २०२३मध्ये आलेल्या त्या निकालात गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं होतं.

गोळी तोकडी पडते तिथे कार्बेटोसिन आहे. ऑक्सिटोसिनच्याच साखळीत थोडा फेरफार करून केलेलं, उष्णतेला दाद न देणारं. भारतासह दहा देशांतल्या सुमारे ३० हजार बाळंतिणींवर घेतलेल्या चाचणीचा निकाल २०१८मध्ये आला, आणि रक्तस्राव रोखण्यात ते ऑक्सिटोसिनच्या तोडीस तोड ठरलं. फ्रीजबाहेर, तीस अंशांतही ते वर्षानुवर्षं टिकतं. मेळघाटातल्या उपकेंद्रासाठी याहून सोयीचं काय असणार? फक्त ते रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून बाळ जन्मल्यानंतरच द्यायचं असतं. कळा आणायला किंवा वाढवायला ते चालत नाही. म्हणजे कार्बेटोसिन गावोगाव पोचलं तरी ठिबकीसाठी ऑक्सिटोसिनची अँप्यूल लागणारच, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तिच्यासाठी २ ते ८ अंशांचा एक कप्पा राखून ठेवावाच लागणार.